लिबरऑफिस संस्थाभर बसवताना: युजरच्या सेटिंग्ज आधीच ठरवून कशा द्यायच्या

संस्थेतल्या सगळ्या मशीनवर लिबरऑफिस हे मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर चढवायचं आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येकाकडे ठरलेलं टेम्प्लेट उघडायला हवं, फाइल ठरलेल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हायला हवी आणि मॅक्रोची (फाइलमध्ये दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) सुरक्षा कुणालाही कमी करता येता कामा नये. हे काम अंगावर आलं की बरेच ॲडमिन एकच वाट धरतात. आपल्या मशीनवर सगळं मनासारखं लावायचं आणि ते युजर प्रोफाइलचं फोल्डर उचलून सगळ्यांकडे कॉपी करायचं.

ही वाट सुरुवातीला सरळ वाटते. पण त्या फोल्डरमध्ये सेटिंग्जबरोबर बरंच काही असतं. तुमचं नाव आणि आद्याक्षरं असतात, आणि ती पुढे सगळ्यांच्या कॉमेंटवर दिसायला लागतात. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, तुमच्या मशीनवरचे पूर्ण पाथ, खिडक्यांचे आकार, कधीकधी साठवून ठेवलेले पासवर्डसुद्धा त्यात असतात. तेवढं साफ करून घेता येईल, पण खरी पंचाईत पुढे होते. काही महिन्यांनी एखादी सेटिंग सगळ्यांसाठी बदलायची ठरली, की लक्षात येतं की ती प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्याच्या स्वतःच्या बदलांत मिसळून गेली आहे. त्यातलं कुठलं तुम्ही दिलेलं आणि कुठलं त्यानं लावलेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून या लेखातली पद्धत प्रोफाइलला हात न लावण्याची आहे. सेटिंग्ज प्रोफाइलच्या खालच्या थरात ठेवायच्या.

थर कसे रचलेले असतात

लिबरऑफिस सुरू होताना सेटिंग्ज एकाच जागेवरून घेत नाही. सगळ्यात खाली प्रोग्रॅमबरोबर आलेल्या मूळ किमती असतात. त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शेअर, त्याच्या आत रजिस्ट्री, इथे नावाच्या शेवटी एक्ससीडी असलेल्या एक्सएमएल फाइलींत असतात. विंडोजवर त्याच्या वर विंडोज रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्ज-साठ्यातल्या) पॉलिसीचा थर येतो. मग सगळ्यांसाठी बसवलेल्या एक्स्टेन्शनचा (वरून जोडलेल्या जादा भागांचा) थर, आणि अगदी वर युजरचा स्वतःचा. युजरचा थर म्हणजे त्याच्या प्रोफाइलमधली 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स डॉट एक्ससीयू' ही एकच फाइल.

ही फाइल नव्या प्रोफाइलमध्ये एकदा तरी उघडून बघाच. हजारो सेटिंग्जपैकी मोजक्याच तिथे सापडतील, कारण मुळापेक्षा वेगळं जे झालं तेवढंच तिच्यात लिहिलं जातं. युजरने ज्या सेटिंगला कधी हात लावला नाही, ती त्याच्या फाइलमध्ये नसते, आणि म्हणून ती खालच्या थरातून येते. तुमच्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे. खालच्या थरात तुम्ही किंमत बदलली, की हात न लावलेल्या प्रत्येक युजरला पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडताच ती मिळते. नवा युजर असो की जुना, प्रोफाइल कॉपी करायची गरजच उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या युजरने ती सेटिंग स्वतः बदलली आहे, त्याच्याकडे त्याचीच किंमत जिंकते. तसं होऊ द्यायचं नसेल तर खालच्या थरातच त्या किमतीला 'फायनलाइझ्ड' अशी खूण करता येते. मग वरच्या थरात काहीही लिहिलेलं असलं तरी ते विचारात घेतलं जात नाही, आणि ऑप्शन्सच्या खिडकीत ती सेटिंग फिकी, बदलता न येणारी दिसते.

प्रोफाइलचा पत्ता इथेच सांगून ठेवतो. विंडोजवर ते युजरच्या ॲपडेटामध्ये, रोमिंगच्या आत 'लिबरऑफिस', मग '४', मग 'युजर' असं असतं. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, आणि मॅकवर लायब्ररीच्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये. तो '४' म्हणजे २०१३ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून चालत आलेला आकडा. आवृत्ती कितीही पुढे गेली तरी फोल्डर तेच राहतं, त्यामुळे अपग्रेड झालं तरी युजरच्या जुन्या आवडीनिवडी तशाच पुढे येतात. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवरच्या बंदिस्त पॅकेजमधून) बसवलेल्या लिबरऑफिसचं प्रोफाइल मात्र वेगळ्या जागी असतं आणि त्याचं प्रोग्रॅम फोल्डर फक्त वाचण्यापुरतं असतं. संस्थाभर सेटिंग्ज द्यायच्या असतील तर विंडोजवर एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) आणि लिनक्सवर नेहमीची पॅकेजेस हीच वाट सोपी.

आधी कागदावर यादी

कीबोर्डला हात लावण्याआधी यादी करा. प्रत्येक सेटिंगपुढे तीनपैकी एक शेरा लिहायचा: लॉक, सुरुवातीची किंमत, किंवा सोडून द्या.

लॉकची यादी जितकी छोटी तितकी चांगली. माझ्या मते तिथे सुरक्षेच्या आणि देखभालीच्या गोष्टींनाच जागा असावी: मॅक्रो सुरक्षेची पातळी, विश्वासू मानलेली फोल्डर्स, अपडेट तपासणी. अपडेट तुम्ही मध्यवर्ती देणार असाल तर युजरला 'नवी आवृत्ती आली आहे' असा निरोप दिसून उपयोग नाही. त्याला ती बसवायचे अधिकार नसतात आणि फोन तुम्हालाच येतो.

मॅक्रो सुरक्षेच्या चार पातळ्या शून्य ते तीन अशा आकड्यांनी साठवल्या जातात. दोन म्हणजे 'हाय', म्हणजे मुळात येते तीच. त्या पातळीवर विश्वासू सही असलेले किंवा विश्वासू फोल्डरमधले मॅक्रोच चालतात. पातळी लॉक केली आणि विश्वासू फोल्डर द्यायचं राहिलं, तर ज्या विभागाचं निम्मं काम जुन्या मॅक्रोवाल्या शीटवर चालतं तिथे दुसऱ्याच दिवशी आरडाओरडा होतो. आणि ते विश्वासू फोल्डर सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलं ठेवलं, तर लॉकला काही अर्थ राहत नाही. तिथे वाचता सगळ्यांना यावं, लिहिता एकदोघांनाच.

'सुरुवातीची किंमत' या रकान्यात बहुतेक गोष्टी येतील: सेव्ह करायचा फॉरमॅट, आपोआप जतन होण्याची वेळ, डीफॉल्ट टेम्प्लेट, रोजची टिप दाखवणं बंद, डॉक्युमेंटची भाषा. देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांत काम होणार असेल तर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू असणं आणि त्यासाठीची भाषा हेही इथेच येतं. रोमन लिपीसाठीची भाषा आणि फॉन्ट यांच्यापासून ते वेगळं साठवलं जातं, म्हणून एक लावलं म्हणजे दुसरं लागलं असं होत नाही.

झूम, आयकॉनचा आकार, पट्ट्यांची मांडणी, रंगसंगती या गोष्टी सोडून द्या. तिथे एकसारखेपणा आणून संस्थेला काही मिळत नाही, लोक मात्र वैतागतात.

सेटिंगचं खरं नाव शोधणं

टूल्समधून ऑप्शन्स, तिथे ॲडव्हान्स्ड, आणि शेवटी 'ओपन एक्स्पर्ट कॉन्फिगरेशन' हे बटण. तिथे प्रत्येक सेटिंगचा पूर्ण पाथ, नाव, प्रकार आणि सध्याची किंमत दिसते. या लेखात नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये लिहिताना मूळ स्पेलिंग इथूनच बघून घ्या, आठवणीवर विसंबू नका.

एखाद्या ऑप्शनचं नाव अजिबात सापडत नसेल तर दुसरा उपाय आहे. प्रोग्रॅम बंद करा, एक्ससीयू फाइलची प्रत काढून ठेवा, प्रोग्रॅम उघडून ऑप्शन्समध्ये तेवढा एकच बदल करा, पुन्हा बंद करा आणि दोन्ही फाइलींची तुलना करा. वाढलेली ओळ म्हणजे तुम्हाला हवं ते नाव. तिच्याबरोबर खिडकीचा आकार, अलीकडच्या फाइली असल्या ओळीही बदललेल्या दिसतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

स्पेलिंगबद्दल एवढं का सांगतोय? आपोआप जतन किती मिनिटांनी व्हावं ही सेटिंग रिकव्हरी विभागात, ऑटोसेव्हच्या आत आहे. तिच्या नावात 'इंटरव्हल' या शब्दाच्या शेवटी एक एल जास्त आहे. सवयीने तुम्ही बरोबर स्पेलिंग लिहिलंत तर लिबरऑफिस काहीही तक्रार करत नाही, फक्त ती सेटिंग लागत नाही. न ओळखलेली नावं ते गुपचूप गाळून टाकतं.

एक्ससीडी फाइल लिहिणं

आता संस्थेच्या नावाची एक नवी एक्ससीडी फाइल बनवायची आणि ती प्रोग्रॅमच्या शेअरमधल्या रजिस्ट्री फोल्डरमध्ये ठेवायची. आधीपासून तिथे असलेली 'मेन' ही फाइल उघडून त्यात बदल करू नका. पुढच्या अपडेटमध्ये ती बदलली जाणार आणि तुमचं काम वाहून जाणार.

फाइलची रचना अशी: बाहेरची खूण 'ओओआर डेटा'. तिच्या आत सर्वांत आधी 'डिपेंडन्सी' ही ओळ, जिच्यात फाइल म्हणून 'मेन' लिहायचं. यामुळे मूळ किमती आधी वाचल्या जातात आणि तुमच्या त्यांच्यावर बसतात. त्यानंतर प्रत्येक विभागासाठी एक 'कंपोनंट डेटा', त्याच्या आत पाथप्रमाणे एकात एक 'नोड', आणि सगळ्यात आत 'प्रॉप' आणि त्याची 'व्हॅल्यू'.

बरेच जण युजरच्या एक्ससीयू फाइलमधली ओळ उचलून इथे जशीच्या तशी चिकटवतात, आणि मग काहीच का होत नाही म्हणून डोकं धरतात. युजरच्या फाइलमध्ये रचना वेगळी असते. तिथे प्रत्येक ओळ 'आयटम' असते आणि पूर्ण पाथ एकाच तुकड्यात असतो. एक्ससीडीमध्ये तो पाथ मोडून लिहावा लागतो.

एक उदाहरण जवळून बघू. ओडीएफ (लिबरऑफिसचा मूळ खुला फॉरमॅट) किंवा तुम्ही ठरवलेला सुरुवातीचा फॉरमॅट सोडून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करताना 'हाच फॉरमॅट ठेवायचा का?' असा प्रश्न येतो. तो बंद करणारी सेटिंग 'ऑर्ग डॉट ओपनऑफिस डॉट ऑफिस डॉट कॉमन' या विभागात, 'सेव्ह' आणि त्यात 'डॉक्युमेंट' इथे, 'वॉर्न एलियन फॉरमॅट' या नावाने असते. एक्ससीडीमध्ये विभागाचे दोन भाग होतात. शेवटचा टिंब सोडून त्याआधीचं सगळं, म्हणजे 'ऑर्ग डॉट ओपनऑफिस डॉट ऑफिस', हे पॅकेज. उरलेलं 'कॉमन' हे नाव. मग 'सेव्ह' नावाचा नोड, त्याच्या आत 'डॉक्युमेंट' नावाचा नोड, त्याच्या आत प्रॉप, आणि व्हॅल्यू 'फॉल्स'. लॉक करायचं असेल तर त्याच प्रॉपच्या खुणेत 'ओओआर फायनलाइझ्ड' बरोबर 'ट्रू' लिहायचं, एवढंच.

ही सेटिंग मुद्दाम घेतली. सुरुवातीचा फॉरमॅट ओडीटी (रायटरचा मूळ फॉरमॅट) ठेवला, पण डॉक्स (वर्डच्या) फाइलीही डॉक्समध्येच सेव्ह करायच्या असतील आणि हा इशारा चालू राहिला, तर तो प्रश्न युजरसमोर पुन्हा पुन्हा येत राहतो. फॉरमॅट ठरवणारी सेटिंग 'सेटअप' विभागात, 'ऑफिस', 'फॅक्टरीज' आणि त्यात त्या त्या डॉक्युमेंट प्रकाराखाली असते. रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस यांची तीन वेगळी. तिची किंमत म्हणजे फाइलचं एक्स्टेन्शन नव्हे, तर प्रोग्रॅमच्या आतलं फिल्टरचं नाव. ओडीटीसाठी 'रायटर८' (मध्ये जागा नाही), डॉक्ससाठी 'एमएस वर्ड २००७ एक्सएमएल'. मधली जागा, मोठी-लहान अक्षरं, सगळं जसंच्या तसं हवं.

डॉक्स की ओडीटी हा निर्णय तुमच्या संस्थेचा. फाइली प्रामुख्याने आतल्या आतच फिरत असतील तर ओडीटी ठेवावं असं माझं मत. प्रत्येक सेव्हला फॉरमॅट बदलत राहिला की क्लिष्ट मांडणीच्या फाइलींचा चेहरामोहरा हळूहळू बिघडतो.

फाइल तयार झाली की एखाद्या एक्सएमएल तपासनीसातून काढा. एक खूण बंद करायची राहिली तर प्रोग्रॅम सुरूच न होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि तेही सगळ्या मशीनवर एकदम.

विंडोजवर ग्रुप पॉलिसीने

डोमेनवर असलेल्या (संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेल्या) विंडोज मशीनसाठी फाइलऐवजी रजिस्ट्री वापरता येते, आणि लॉक करायच्या गोष्टींसाठी मला तीच वाट पसंत आहे. 'एचकेएलएम'मध्ये (रजिस्ट्रीचा पूर्ण मशीनला लागू होणारा भाग) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, लिबरऑफिस, त्याखाली विभागाचं पूर्ण नाव, आणि पुढे पाथचा प्रत्येक तुकडा ही एक एक कळ (रजिस्ट्रीतली फोल्डरसारखी 'की'), अगदी सेटिंगचं नावसुद्धा. त्या शेवटच्या कळीत 'व्हॅल्यू' या नावाने किंमत आणि 'फायनल' या नावाने लॉक. किंमत आकडा असो की ट्रू-फॉल्स, ती नेहमी मजकूर म्हणूनच लिहायची. 'फायनल' मात्र डीवर्ड (आकड्याचा प्रकार), आणि त्यात १ असेल तर लॉक. ग्रुप पॉलिसीच्या (डोमेनवरच्या मशीनना मध्यवर्ती नियम पाठवण्याच्या सोयीच्या) प्रेफरन्सेसमधून या कळी ढकलल्या की काम झालं, आणि वेगवेगळ्या विभागांना वेगळ्या किमती देणंही सोपं जातं.

एकच सेटिंग एक्ससीडीत आणि रजिस्ट्रीतही ठेवू नका. कुठली लागते आहे हे शोधण्यात दिवस जाईल.

इन्स्टॉलर

इथे फार सांगण्यासारखं नाही. एमएसआय फाइल 'एमएसआयएक्झेक'ने शांतपणे चालवायची, रीस्टार्ट नको असं सांगायचं. काही गोष्टी इन्स्टॉल होतानाच ठरतात: डेस्कटॉपवरचा शॉर्टकट हवा की नको, कुठल्या भाषांचा इंटरफेस बसवायचा, वर्ड-एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसशी जोडायच्या की नाहीत. शेवटची गोष्ट नीट विचार करून ठरवा. दोन्ही सॉफ्टवेअर काही काळ शेजारी राहणार असतील, तर डॉक्सवर डबल-क्लिक केल्यावर काय उघडावं हे लोकांना आधी सांगितलेलं बरं. एक्ससीडी फाइल कॉपी करण्याची पायरी इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

मॅकवर ॲपच्या आत फाइल टाकली तर ॲपची डिजिटल सही मोडते. तिथे एक्स्टेन्शनचा मार्ग बरा. ओएक्सटी (एक्स्टेन्शनच्या) फाइलमध्येही सेटिंग्ज घालून देता येतात.

टेम्प्लेट आणि तयार मजकूर

फॉन्ट, समासाच्या जागा, लेटरहेड या गोष्टी सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. त्या टेम्प्लेटमध्ये घाला. मूळ परिच्छेद शैलीत रोमन आणि देवनागरी दोन्हींसाठी फॉन्ट लावा, ते टेम्प्लेट प्रत्येक मशीनवर एकाच पाथवर ठेवा, आणि फॅक्टरीजमध्येच असलेल्या टेम्प्लेटच्या सेटिंगमध्ये तो पाथ यूआरएलच्या रूपात द्या. टेम्प्लेट नेटवर्कवर ठेवायचा मोह होतो, कारण एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. पण नेटवर्क नसताना लॅपटॉपवर नवं डॉक्युमेंट उघडायला गेलं की तो मोह महागात पडतो. टेम्प्लेट मशीनवर आणि त्याची ताजी प्रत स्क्रिप्टने, ही मांडणी टिकते.

युजरच्या स्वतःच्या ऑटोटेक्स्टसारख्या (तयार मजकुराच्या तुकड्यांसारख्या) गोष्टी प्रोफाइलमध्ये असतात. त्या सुरुवातीला देण्यासाठी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये 'प्रीसेट्स' नावाचं फोल्डर आहे. नवं प्रोफाइल तयार होताना त्यातलं सगळं तिथे कॉपी होतं. हे फक्त पहिल्यांदा, नव्या प्रोफाइलसाठीच होतं. जुन्या युजरला त्याचा काही उपयोग नाही.

जुन्या युजरचं काय

संस्थेत लिबरऑफिस आधीपासून असेल तर खरं काम इथे आहे. तीन प्रकारचे लोक असतात. ज्यांनी ती सेटिंग कधी बदललीच नाही, त्यांना तुमची किंमत आपोआप मिळेल. ज्यांनी समजून-उमजून बदलली, त्यांची राहू द्या, कारण लॉक नाही म्हणजे बदलायची मुभा तुम्हीच दिली आहे. तिसरे ते, ज्यांच्याकडे पूर्वी कुणीतरी प्रोफाइल कॉपी करून जुनी किंमत बसवली. त्यांच्या फाइलमध्ये ती युजरची निवड म्हणून नोंदली गेली आहे, आणि तुमचा नवा थर तिच्याखाली दबलेला राहतो.

तिसऱ्या प्रकारासाठी लोक संपूर्ण प्रोफाइल पुसून टाकतात. त्यात माणसाचा स्वतःचा शब्दकोश, ऑटोटेक्स्ट, मॅक्रो, सगळं जातं. त्याऐवजी एक्ससीयू फाइलमधून फक्त ती 'आयटम'ची ओळ काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. ती लॉग-इनच्या वेळी, लिबरऑफिस सुरू व्हायच्या आत चालवा. प्रोग्रॅम किंवा त्याचा क्विकस्टार्टर (पडद्यामागे चालू राहणारा भाग) चालू असताना फाइल बदलली तर आपल्या आठवणीतली जुनी किंमत तो परत लिहून टाकतो. स्क्रिप्टने बदलाआधी फाइलची प्रत ठेवावी हे सांगायला नकोच.

रोमिंग प्रोफाइल (माणूस ज्या मशीनवर लॉग-इन होईल तिथे येणारं प्रोफाइल) असलेल्या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चालू असताना लिबरऑफिस प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये लॉक फाइल ठेवतं. एकच माणूस दोन मशीनवर एकाच वेळी लॉग-इन असेल तर या प्रोफाइलवरून गोंधळ होतो, आणि त्याचा दोष तुमच्या नव्या सेटिंग्जवर येतो.

तपासणी

ॲडमिनच्या खात्यातून तपासू नका, साध्या युजरच्या खात्यातून तपासा. कमांड लाइनवरून 'युजर इन्स्टॉलेशन' हा एन्व्ह पर्याय देऊन लिबरऑफिसला एखादं रिकामं फोल्डर प्रोफाइल म्हणून वापरायला सांगता येतं. त्यामुळे खरं प्रोफाइल न बिघडवता नव्या युजरचा अनुभव हवा तितक्या वेळा घेता येतो. मग एक्स्पर्ट कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन प्रत्येक किंमत पडताळा, आणि लॉक केलेली सेटिंग बदलून बघा. बदलता आली तर लॉक लागलेलं नाही. यानंतर हीच तपासणी जुन्या, वापरून वापरून भरलेल्या प्रोफाइलच्या प्रतीवर करा. शेवटी नवं डॉक्युमेंट उघडा, दोन ओळी लिहा, सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा. युजर दिवसभर हेच करणार आहे.

एखाद्याचंच काही चालत नसेल तर ५.३ आवृत्तीपासून असलेला सेफ मोड वापरा. त्यात त्याचं प्रोफाइल तात्पुरतं बाजूला राहतं. तिथे सगळं ठीक असेल तर दोष त्याच्या प्रोफाइलमध्ये, तिथेही बिघडलेलं असेल तर तुमच्या थरात किंवा इन्स्टॉलमध्ये.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर

साधनं वेगळी असली तरी विचार तोच. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल एका एक्सएमएल फाइलवरून इन्स्टॉल करतं, आणि ती फाइल ऑफिस कस्टमायझेशन टूलमध्ये ब्राउझरवरच बनवता येते. त्यात दिलेल्या ॲप सेटिंग्ज म्हणजे सुरुवातीच्या किमती, युजर त्या बदलू शकतो. नंतर सेटिंग्जच बदलायच्या असतील तर 'कस्टमाइझ' हा पर्याय आहे, पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. लॉक करायच्या गोष्टी ग्रुप पॉलिसीच्या एडीएमएक्स टेम्प्लेटमधून (पॉलिसींची यादी देणाऱ्या फाइलींतून) किंवा क्लाउड पॉलिसीतून द्यायच्या. ग्रुप पॉलिसीच्या किमती रजिस्ट्रीत 'पॉलिसीज'खाली बसतात, आणि तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही. वरची तीन शेऱ्यांची यादी इथेही तशीच वापरता येईल.

अपग्रेडच्या दिवशी

लिनक्सवर लिबरऑफिसची मूळ पॅकेजेस प्रोग्रॅमचं फोल्डर आवृत्तीच्या नावानेच बनवतात. २४.८ वरून पुढे गेलात की फोल्डर नवं, आणि त्यात तुमची एक्ससीडी नसते. सेटिंग्ज एका रात्रीत गायब झाल्याच्या तक्रारी आल्या तर आधी तिथेच बघा. फाइल कॉपी करणारी पायरी अपग्रेडच्या स्क्रिप्टमध्ये कायमची घालून ठेवा. शिवाय प्रत्येक मोठ्या आवृत्तीत काही सेटिंग्जची नावं बदलतात किंवा जागा हलते, म्हणून नवी आवृत्ती आधी एका मशीनवर चढवून एक्स्पर्ट कॉन्फिगरेशनमध्ये पूर्ण यादी पुन्हा पडताळा. ती यादी, एक्ससीडी फाइल आणि रजिस्ट्रीच्या कळी एकाच गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवा, आणि प्रत्येक सेटिंग का लावली हे एका ओळीत तिथेच लिहा. एक्ससीडीमध्ये एक्सएमएलची टिप्पणी चालते, तिथे लिहिलंत तरी हरकत नाही.